पिकू दे, मग बघू

गणिताच्या तासाला मध्येच कुणी बोललेलं वसुमतीबाईंना खपत नसे. म्हणून दहावीच्या वर्गात साईप्रिया बाकावरून उठली, तेव्हा त्यांनी वळूनही न पाहता हातानंच तिला खाली बसायची खूण केली. पोरगी बसली नाही.

"मिस, एकावर एक लिहिलंय तुम्ही," ती हळूच म्हणाली. "दुसरी पायरी पहिलीच्या डोक्यावर आलीय."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. बाई दोन पावलं मागं आल्या आणि फळ्याकडं पाहू लागल्या. त्यांना दिसला तो नुसता पांढुरका धूर, फळ्याच्या मधोमध ताकाचा हात पुसल्यासारखा. मान तिरकी केल्यावर कडेची अक्षरं जरा सुटी झाली आणि पोरगी खरं बोलत होती हे कळलं. त्यांनी फळा पुसला, गणित पहिल्यापासून पुन्हा लिहिलं आणि तास संपेपर्यंत मुलींकडं तोंड केलं नाही.

ही १९९४ सालची गोष्ट. तंजावूरच्या त्या मुलींच्या शाळेत वसुमतीबाईंचं निम्मं आयुष्य गेलं होतं. वय चौपन्न. केस अजून बरेचसे काळे, दात शाबूत, आणि जिभेला धार. खडूच्या भुकटीनं जडलेला दमा सोडला तर त्यांना कधी काही झालं नव्हतं. त्यामुळे डोळ्यांचा त्यांना रागच आला, ऐन परीक्षेत दांडी मारणाऱ्या पोरीचा यावा तसा.

आधी त्यांनी सारा दोष चष्म्यावर ढकलला. वर्षभरात इतक्यांदा काचा बदलल्या की चष्मेवाला त्यांना बघून ओशाळा होऊ लागला. शेवटी त्यानं हात टेकले. "मिस, माझ्याकडं आता तुमच्याजोगी काच उरली नाही. पुरै दिसतंय. डॉक्टरला दाखवा."

पुरै म्हणजे मोतीबिंदू. बाई त्याच संध्याकाळी कीळवीथी रस्त्यावरच्या जुन्या डॉक्टरांकडं गेल्या. अर्ध्या गावाचे डोळे तेच बघायचे. त्यांनी अंधाऱ्या खोलीत बसवून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. आश्चर्य म्हणजे बाईंनी ती जवळजवळ तळापर्यंत वाचली.

"बघा, वाचता की," डॉक्टर म्हणाले. मग बॅटरी मारून बुबुळात डोकावले. "आहे. दोन्हीकडं आहे. पण कच्चा आहे. पिकू दे, मग बघू."

"पिकायचं म्हणजे नक्की काय व्हायचं?"

"दिसेनासं झालं की या."

"दिसेनासंच झालंय डॉक्टर. इथं अंधारात दिसतं, पण उन्हात काही दिसत नाही. भर दुपारी रस्त्यावर आले की सगळं पांढरं होतं."

डॉक्टर हसले. "उलटं सांगताय अम्मा. लोकांना अंधारात दिसत नाही." आणि त्यांनी घंटी वाजवून पुढच्याला आत बोलावलं.

बाई बाहेर आल्या त्या धुमसतच. चुकीचं उत्तर त्यांनी आयुष्यात खूप पाहिलं होतं, पण प्रश्नच चुकला म्हणून परत पाठवणारा परीक्षक पहिल्यांदाच भेटला होता.

घरी यजमानांना, सुब्रमण्यम रावांना, मात्र डॉक्टरांचं म्हणणं सोळा आणे पटलं. वीज मंडळातून नुकतेच निवृत्त झालेले राव स्वभावानं असे, की घरातला दिवा मिणमिणला तरी तो पुरता विझेपर्यंत वायर उघडायची नाही. "एवढे मोठे डॉक्टर पिकू दे म्हणताहेत, तर तुझी घाई कशापायी?" ते म्हणाले. "कच्चं फळ कुणी तोडतं काय?"

"फळ आहे काय ते?"

"अण्णाला बघ. पुरतं पिकलं तेव्हाच काढलं."

अण्णा म्हणजे रावांचे थोरले भाऊ, सेतुराम. ते पापनाशमला शेती बघत. दहा-बारा वर्षांपूर्वी तिथल्या मंगल कार्यालयात डोळ्यांचं शिबिर भरलं होतं, त्यात त्यांचे डोळे झाले. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून त्यांना आठवडाभर उताणं निजवलं होतं. त्यानंतर नाकावर जो जाड भिंगाचा चष्मा बसला, तो कायमचा. त्या भिंगातून त्यांचे डोळे बशीएवढे दिसत. बाजूनं कुणी आलं की त्यांना ते एकदम हवेतून उपटल्यासारखं वाटे, आणि दाराची चौकट वाकलेली दिसे म्हणून ते उंबऱ्याशी नेहमी थबकत. वसुमतीबाईंना त्यांचा उंबऱ्याशी थबकलेला पाय आठवला. पिकल्यानंतर मिळायचं ते हेच असेल, तर वाट तरी कशाची बघायची?

तिसरा सल्ला समुद्रापलीकडून आला. मुलगा गणेशकुमार बंगळूरच्या कंपनीतर्फे अमेरिकेला गेला होता आणि रविवारी सकाळी फोन करायचा. "अम्मा, इथं मी चौकशी केलीय. आता टाके बिके काही घालत नाहीत. मशीननं आतल्या आत फोडून ओढून घेतात. मद्रासमध्येही सुरू झालंय. पण तू एकटी काही करायचं नाहीस. मी डिसेंबरात येतो, आपण मद्रासला जाऊ."

डिसेंबर आला, गणेशकुमार आला नाही. प्रोजेक्ट लांबलं होतं. मग पोंगल म्हणाला, मग मे महिना. दर रविवारी तो मशीनचं नवं काहीतरी सांगायचा आणि दर रविवारी बाईंना त्याचा चेहरा आठवण्याऐवजी त्याच्याच वयाच्या एखाद्या विक्रेत्याचा चेहरा डोळ्यांपुढं यायचा.

मधल्या काळात शाळेत व्हायचं ते झालं. सहामाहीच्या पेपरांत त्यांनी एका मुलीचा सातचा आकडा एक म्हणून वाचला. मुलीचा बाप आला, आरडाओरडा न करता पेपर दाखवून गेला. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका राजलक्ष्मीबाईंनी त्यांना आत बोलावून कॉफी मागवली. कॉफी मागवली तेव्हाच वसुमतीबाईंनी ओळखलं.

"दहावीचं वर्ष आहे," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "मुलींचं नुकसान नको. तुम्ही सहावीला नीतीचा तास घ्या. त्यात फळ्यावर लिहायचं काम नसतं. तब्येत बरी झाली की बघू."

"मला गणित येत नाही असं झालेलं नाही."

"तसं कोण म्हणतंय?"

"मग मला नीती का शिकवायला लावताय?"

राजलक्ष्मीबाईंनी कॉफीचा डबरा-पेला त्यांच्याकडं सरकवला. वाईट बाई नव्हती ती. पण कॉफी निवेपर्यंत वसुमतीबाईंनी तिला हात लावला नाही. "बघू" या शब्दाची त्यांना आता शिसारी आली होती. जो तो बघू म्हणत होता, आणि बघता येत नव्हतं ते एकट्या त्यांना.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर, ऊन अजून रणरणत असतानाच, त्या रिक्षा करून मेडिकल कॉलेजच्या रस्त्यावर निघालेल्या नव्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेल्या. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. तिथल्या डॉक्टर श्रीविद्या त्यांच्या गणेशकुमारपेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी बाईंच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बसवून ठेवलं आणि मग त्यांची हनुवटी यंत्रावर टेकवून बराच वेळ पाहिलं.

"अंधारात बरं दिसतं आणि उन्हात दिसत नाही, असं होतं का?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

वसुमतीबाईंनी यंत्रावरून हनुवटी उचलली. वर्षभर ज्या वाक्यावर लोक हसले, ते या मुलीनं आपण होऊन म्हटलं होतं.

श्रीविद्यांनी कागदावर डोळा काढला. बुबुळामागं एक भिंग असतं, तेच गढूळ होतं, त्यालाच मोतीबिंदू म्हणायचं, त्या म्हणाल्या. पण ते सगळ्यांचं एकाच जागी गढूळ होत नाही. "तुमचा डाग भिंगाच्या मागच्या अंगाला आहे, बरोब्बर मध्यावर. उन्हात बाहुली आकसते. मग उजेडाला आत यायला मधलंच भोक उरतं, आणि तिथंच डाग. अंधारात बाहुली मोठी होते, उजेड डागाच्या बाजूनं आत शिरतो. दम्याच्या गोळ्या घेता का, स्टेरॉइडच्या?"

"वर्षानुवर्षं घेतेय."

"त्यानंही असा होतो. त्यानंच झाला असं मी छातीठोक सांगणार नाही."

"हे मला कुणी सांगितलं नाही." बाईंचा आवाज चढला. "गोळ्या देणाऱ्यानं नाही आणि डोळे बघणाऱ्यानंही नाही. सगळे नुसते पिकू दे म्हणतात."

श्रीविद्यांनी पेन खाली ठेवलं. "ते एके काळी बरोबर होतं अम्मा. पूर्वी भिंग त्याच्या पिशवीसकट गोठवून बाहेर ओढायचे. मग डोळ्यात भिंगच नाही, म्हणून नाकावर जाड चष्मा. त्या चष्म्यापेक्षा थोडं धूसर दिसलेलं परवडलं, म्हणून पुरतं बंद होईपर्यंत थांबायचं. आता आम्ही पिशवी जागेवर ठेवतो, आतला गर काढतो आणि त्याच पिशवीत प्लास्टिकचं नवं भिंग बसवतो. त्याला पिकायची गरज नाही. तुमच्या कामाला अडतंय ना? तेवढं पुरे. उलट फार पिकला तर काढायला कठीण जातो."

"आणि मशीन?"

"मशीन चांगलंच आहे. गर आतच फोडून शोषून घेतात, चीर लहान लागते. पण ते आमच्याकडं अजून नाही, आणि असतं तरी माझा हात त्यावर बसलेला नाही. शिवाय कडक भिंग आत घालायचं तर चीर पुन्हा थोडी वाढवावीच लागते. घडी होणारी भिंगं आता कुठं येताहेत. मद्रासला जायचं असेल तर मी चिठ्ठी देते. इथं माझ्याकडं केलंत तर टाके पडतील, महिना-दीड महिना धीर धरावा लागेल, आणि वाचायला साधा चष्मा लागेलच. जंतू शिरणं, रक्त येणं, असं क्वचित घडतं. घडणारच नाही असं मी म्हणणार नाही."

बाईंनी सगळं ऐकलं, उलटसुलट विचारलं, एक-दोनदा कागदावरची आकृती आपल्या हातानं दुरुस्त केली. मग म्हणाल्या, "उजवा आधी करा. कधी?"

"रक्तातली साखर, रक्तदाब बघू, मग लगेच. संमतीपत्रावर तुमच्या घरच्या कुणाची तरी सही लागेल."

"डोळा माझा आहे."

"खरंय. पण व्यवस्थापनाचा नियम आहे. मलाही तो आवडत नाही."

रावांनी सही करायला साफ नकार दिला. भांडण स्वयंपाकघरात झालं. बाईंनी सांबार उकळत ठेवलेलं होतं आणि राव दारात उभे होते, आतही येईनात आणि जाईनातही.

"गणेश मे महिन्यात येतोय," ते म्हणाले.

"गणेश गेल्या डिसेंबरातही येत होता."

"ती डॉक्टरीण स्वतःच म्हणते ना, मशीन तिला येत नाही?"

"म्हणूनच तिच्याकडं जायचंय मला. जे येत नाही ते येत नाही म्हणाली. ज्यांना सगळं येतं म्हणून तुम्ही इतके दिवस सांगत होता, त्यांनी एक वाक्य धड सांगितलं नाही."

"आणि काही वाकडं झालं तर? सही माझी. जन्मभर तू मलाच म्हणशील."

तेव्हा कुठं बाईंच्या ध्यानात आलं. यांना भीती होती ती डोळ्याची नव्हती, सहीची होती. त्यांनी सांबार उतरवलं. झाकण इतक्या जोरात ठेवलं की ते कोपऱ्यापर्यंत घरंगळत गेलं. "मग करू नका," त्या म्हणाल्या. "मी सहावीच्या पोरींना खरं बोलावं असं शिकवते, आणि तुम्ही इथं बसून डिसेंबरची वाट बघा." पुढचे कितीतरी दिवस घरात जेवायला वाढण्यापुरतंच बोलणं झालं.

सेतुरामांना ही बातमी कुणी कळवली ते कळलं नाही, बहुधा रावांनीच, भावानं आपली बाजू घ्यावी म्हणून. रविवारी सकाळी ते बसनं आले. उंबऱ्याशी थबकले, पाऊल चाचपून आत आले आणि बाकावर बसले. वसुमतीबाईंनी मनाशी शस्त्रं पारजलीच होती. आता आणखी एक व्याख्यान ऐकायचं.

"मज सांग," सेतुराम तंजावूरकडच्या मराठी घरांत टिकलेल्या जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाले, "ते भिंग डोळ्याच्या आत ठेवतात म्हणोन ऐकलं. खरं?"

"खरं, भावजी."

"कुजत नाही?"

"नाही. प्लास्टिक आहे ते. पिशवीत बसतं."

"मग वरून असला चष्मा?" त्यांनी आपला चष्मा काढला. त्याबरोबर त्यांचे बशीएवढे डोळे एकदम बारीक, साधे, म्हातारे झाले.

"नाही. वाचायला तेवढा, साधाच."

सेतुराम काढलेल्या चष्म्याची भिंगं उपरण्याला पुसू लागले. राव संधी साधून म्हणाले, "अण्णा, तूच सांग आता हिला. पिकल्याशिवाय हात लावू नये म्हणून."

"तू गप," सेतुराम म्हणाले. आवाज चढला नव्हता. "मज कुणी विचारलं नाही. रांगेत निजवलं, काढलं, उठवलं. हे असलं आत बसवायचं तेव्हा निघालं होतं की नव्हतं, तेही मज ठाऊक नाही. इतकी वर्षं मी समजत होतो, दिसतं हीच देवाची कृपा. नातवंडं बाजूनं येतात ती मज दिसत नाहीत. पायात येऊन आदळतात अन् मी त्यांजवर ओरडतो." त्यांनी चष्मा परत चढवला. "कुठं आहे तो दवाखाना? घरच्या माणसाची सही पाहिजे ना? मी घरचा नव्हे काय?"

सोमवारी बाई आणि सेतुराम दवाखान्यात गेले. सेतुरामांनी कागदाला नाक लावून सही केली आणि डॉक्टरांना पहिलाच प्रश्न विचारला, "माझ्या डोळ्यात आता बसेल काय?" श्रीविद्यांनी त्यांना नीट तपासलं. पिशवी उरलेली नव्हती, त्यामुळे भिंग टेकवायला आधार नव्हता. शिवलं तर जाईल, पण बुबुळाची काच आधीच दुबळी झाली होती. तिला पुन्हा धक्का लागला तर आहे ती नजरही जायची. "मी करणार नाही," त्या म्हणाल्या. "दुसरीकडंही लगेच हो म्हणू नका." सेतुराम चष्मा नाकावर सारखा करून उठले. परतीच्या रिक्षात त्यांनी वसुमतीबाईंना एवढंच म्हटलं, "उशीर झाला म्हणायचा."

बाईंचं ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. डोळ्यामागं सुई टोचताना जे दुखलं तेवढंच. नंतर पाण्याखालून पाहिल्यासारखे दिवे हलत राहिले आणि श्रीविद्या नर्सला बारीक आवाजात काहीबाही मागत राहिल्या. दुसऱ्या दिवशी पट्टी उघडली तेव्हा चमत्कार वगैरे काही झाला नाही. सगळं निळसर आणि भयंकर स्वच्छ दिसलं, पण कडा फाटलेल्या. टाक्यांनी डोळ्यात वाळू घातल्यासारखं खुपत होतं. एका डोळ्याला सगळं निळं दिसे, दुसऱ्याला पिवळं, आणि दोघांचं आपसात पटेना. पायऱ्या उतरताना पाऊल चुकायचं. महिना-दीड महिना हेच चालणार, हे त्यांना ठाऊक होतं, तरी रोज चिडचिड व्हायचीच. ठाऊक असल्यानं खुपायचं थांबत नाही.

थेंब घालायचं काम रावांनी आपण होऊन अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. घड्याळ बघून यायचे, हात धुऊन यायचे, पापणी उचलून थेंब सोडायचे आणि काही न बोलता जायचे. एकदा मात्र म्हणाले, "तुझ्या डोळ्यात भिंग चमकतं."

"सही केली असती तर तुम्हाला आधी दाखवलं असतं," बाई म्हणाल्या. राव कसंनुसं हसले. बाई हसल्या नाहीत, पण पुढच्या थेंबाला मान मागं करून वेळेवर बसल्या.

गणेशकुमारनं फोनवर विचारलं, "थोडं थांबली असतीस तर?" बाईंनी फोन रावांच्या हातात दिला.

टाके काढल्यावर आणि चष्मा लागल्यावर उजव्या डोळ्यानं फळ्यावरचा खडूचा कण न् कण दिसू लागला. बाई राजलक्ष्मीबाईंकडं गेल्या. दहावीचा वर्ग तोवर एका तरुण शिक्षिकेकडं गेला होता, निकाल चांगला लागला होता, आणि वेळापत्रक ठरून गेलं होतं. "पुढच्या वर्षी नक्की," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. त्यांनी या वेळी "बघू" म्हटलं नाही, एवढाच काय तो फरक. वसुमतीबाईंना ते वर्ष सहावीवरच काढावं लागलं. डावा डोळा दोन वर्षांनी झाला, तोही श्रीविद्यांकडंच. तोवर दवाखान्यात मशीन आलं होतं आणि डॉक्टर ते शिकून आल्या होत्या. फार फरक जाणवला नाही. थेंब कमी घालावे लागले आणि खुपलं जवळजवळ नाहीच.

सेतुरामांना मात्र चैन पडेना. पापनाशममध्ये कुणी पुरै पिकायची वाट बघतोय असं कानावर आलं की ते त्याच्या ओसरीवर जाऊन बसत आणि आपला चष्मा काढून त्याच्या हातात देत. "घाल," म्हणत, "अन् चार पावलं चालून दाखव." मग त्याला तंजावूरची बस दाखवत आणि भावजयीचा पत्ता देत, ती सगळं समजावून सांगते म्हणून. त्यामुळे रविवारी सकाळी वसुमतीबाईंच्या दारात कुणी ना कुणी अनोळखी माणूस उभा असे, डोळे किलकिले करून, सोबत एखादी काळजीत पडलेली सून घेऊन. बाई कपाळाला आठ्या घालत. हा भावजींनी नसता उद्योग मागं लावला, असं रावांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणत. मग कागद-पेन्सिल घेऊन बाकावर बसत आणि त्या माणसाला विचारत, "आधी सांगा, तुम्हाला उन्हात जास्त त्रास होतो की अंधारात?"